पाऊण सेकंद

एका सेकंदाची तुम्हाला काही पडलेली असते का? खरं सांगा. मला तरी नव्हती, आणि ते भोगलं अर्डिस हॉफमायरने.

अर्डिस सत्तरीची. नवरा मर्ल सगळं विसरायला लागला, तेव्हा नेब्रास्कातलं घर विकून त्याला तिथल्याच वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिला उरली एक राहती गाडी, चाकांवरचं घर. उन्हाळाभर ती आश्रमामागे गाडी लावून राहते. हिवाळ्यात तिथे गाडीतलं पाणी गोठून नळ फुटतात, म्हणून आम्हा गाडीत राहणाऱ्यांकडे येते, अॅरिझोनाच्या वाळवंटात. रोज सकाळी दहाला मर्लला फोन. चेहऱ्याने तो तिला ओळखत नाही. आवाजाने ओळखतो, तेही रोज नाही.

जानेवारीत आमच्या क्वार्टझसाईट गावाला इतक्या गाड्या येऊन पडतात की मोबाईलचा टॉवर गुदमरतो. मग उपग्रहावरून नेट घेणाऱ्या डिशशिवाय गत्यंतर नाही. आणि डिशचं इथे मला विचारतात. शाळा मी नववीत सोडली, पण सरकारी जमिनीवरून हलायची नोटीस आली की ती वाचून भांडायला मलाच पुढे करतात. त्यामुळे मला सगळं कळतं असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

आमच्यात नवी गाडी येऊन थांबली की आधी नाव नाही विचारत. "किती येतोय?" विचारतात. म्हणजे नेटचा वेग. मग समोरचा फोनवरचा आकडा दाखवतो, आणि ज्याचा मोठा त्याची मान ताठ.

डिश दोन तऱ्हेच्या. जुनी दक्षिणेला एकाच जागी टांगलेल्या, लांबवरच्या उपग्रहाकडे बघते. झाडांच्या फटीतून तेवढा दिसला की तिचं भागतं. नवीचे उपग्रह पुष्कळ खालून धावत असतात, तिला उत्तरेचं सगळं आभाळ मोकळं लागतं. शिवाय नव्या डिशच्या कंपनीशी माझं वाजलं होतं. कायमचा पत्ता नसलेल्यांना त्यांच्या रांगेत शेवटची जागा. मी अर्डिसला ठणकावलं, जुनीच घे, आमच्याबरोबर झाडांत राहा, वेग रग्गड आहे. तिने निमूट घेतली. आकडा बघून लेव्हॉनसुद्धा "बरा येतोय" म्हणाला. तो निवृत्त ट्रकवाला, बायकोच्या स्वयंपाकालाही कधी बरं म्हणाला नसेल.

आठवडाभराने मी तिची बॅटरी बघायला गेले, तेव्हा तिचा फोन चालू होता.

"अर्डिस?" मर्ल म्हणाला.

"हो रे, मीच." पण हे शब्द तिथे पोचायच्या आत तो पुन्हा म्हणाला, "कोण आहे?" तिने उत्तर दिलं, ते त्याच्या तिसऱ्या प्रश्नावर जाऊन आदळलं. मग दोघं एकदम गप्प झाली, पुन्हा एकदम बोलली.

"ही बाई उत्तरच देत नाही," तो कुणाला तरी म्हणाला. "ठेवा."

नंतर नर्सचा फोन आला. मर्ल दुपारभर चिडून बसतो, जेवत नाही, हे फोन काही दिवस थांबवलेले बरे, असं ती अगदी गोड आवाजात सांगत होती. तिचे शब्दही उशिराच येत होते. आवाजाने त्या लांबच्या उपग्रहापर्यंत जाऊन यायचं म्हणजे पाऊण सेकंद जातो. तुम्ही आम्ही सांभाळून घेतो. मर्लला तेवढ्यात माणूस नाहीसा झाल्यासारखं वाटतं.

अर्डिस शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी वेग विचारलात गं. मी कुणाशी बोलते, ते कुणी विचारलं नाही."

मी उठून निघून आले. माफी मागायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत घातलं आणि लेव्हॉनकडे नेलं. तो उघड्या माळावर राहतो, त्याच्याकडे नवी डिश. तो म्हणाला, "काय बाई, तुझं त्या कंपनीवर बहिष्कार प्रकरण होतं ना?" मी म्हटलं, तोंड बंद ठेव आणि फोन जोडून दे. अर्डिसने नर्सला विनवलं, एकदाच.

"अर्डिस?"

"हं."

"जेवलीस?"

"हो. तू?"

"परत ती लाल जेली. भिंतीवर मारली तर चेंडूसारखी परत येईल."

ती हसली. तिचं हसू संपायच्या आत तोही हसला. लेव्हॉन बाहेर जाऊन टायर बघत बसला. मग मर्लने विचारलं, "तू कुणाची गं?" तिने ताबडतोब आपलं नाव सांगितलं. तो "बरं, बरं" म्हणाला, चिडला नाही. नर्सने फोन चालू ठेवले.

तिने नवी डिश घेतली. झाडांत ती दर दोन मिनिटांनी तुटायची. उंच खांब लावून बघितला, वाऱ्याने दोनदा आडवा केला. शेवटी अर्डिस आमच्यातून उठली आणि चार मैलांवर, जिथे झुडूपसुद्धा नाही, तिथे जाऊन राहिली. वीज पुरवून वापरावी लागते म्हणून फोन झाला की ती डिश बंद करते. दहा वाजून दहा मिनिटांनी तिचा दिवस संपतो. पुढे नुसतं ऊन आणि वारा. मी गुरुवारी जाते. ती कॉफी करते. परत ये, असं मी एकदाच म्हटलं. तिने आभाळाकडे बोट दाखवलं.

त्या माळावर तुम्हाला एक पांढरी, एकटीच गाडी दिसली, तर सोबत म्हणून जवळ थांबावंसं वाटेल. जरूर थांबा. फक्त तिच्या उत्तरेला तुमची उंच गाडी लावू नका.