हवेत मांडलेला डाव

मुदतीच्या तापातून उठले तेव्हा पाण्याच्या तांब्याला काय म्हणतात ते मला आठवेना. तांब्या समोर दिसत होता, तहान लागली होती, आणि तोंडात शब्द येत नव्हता. मी नुसती बोट दाखवून "ते… ते…" करत राहिले. मायनं पाणी पाजलं आणि तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, चौथीत. तापाच्या आधी मला सतरापर्यंतचे पाढे येत. ताप गेला तो पाढे घेऊनच गेला.

आमचं गाव जवळा बाजारपासून पायी तासाभरावर. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायचे, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. माय रोजानं शेतात जायची. घरात चौथं माणूस म्हणजे दादांची थोरली बहीण, माझी आत्या. तिला नवऱ्यानं टाकलं असं गाव म्हणायचं. आत्या म्हणायची, "मीच टाकलं त्याला."

दोन महिन्यांनी शाळेत गेले. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात डोक्यातून निघून जायची. पोरं हसली. आठवडाभरानं गुरुजींनी दादांना बोलावून घेतलं.

"ताप डोक्यात गेला हिच्या. आता काही उपयोग नाही. घरी ठेवा, शेळ्या राखील. पटावर नाव ठेवून काय करता?"

दादा घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. त्या भिंतीवर आमच्या घरातली एकुलती एक तसबीर होती, निळ्या कोटातली. दादा स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. मला मॅट्रिक करायचं हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्यानं चुलीतला कोळसा घेतला आणि दारापुढच्या सारवलेल्या जमिनीवर एकात एक तीन चौकोन काढले. चारी बाजूंच्या मधोमध रेघा ओढून ते एकमेकांना जोडले. माझ्या हातात नऊ चिंचोके दिले, स्वतः नऊ पांढऱ्या गारा, म्हणजे गारगोट्या, घेतल्या. नवकंकरीचा डाव. आपले तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. तीनपेक्षा कमी उरले की हरलात. पुरुष हा डाव पारावर खेळत. आत्या कुठं शिकली, मला ठाऊक नाही.

पहिले काही दिवस पाळी कुणाची हेच मला कळत नव्हतं. चिंचोका हातात धरून मी तिच्या तोंडाकडे बघायची. ती मुळीच सांगायची नाही. पान चघळत बसून राहायची. मी रडले तर म्हणायची, "रड. रडून झालं की खेळ." चूक केली की माझा चिंचोका उचलून घ्यायची. दया नाही, माया नाही. मला तिचा इतका राग यायचा, की एकदा सगळा डाव पायानं उधळून लावला. तिनं गारा गोळा केल्या आणि पुन्हा मांडल्या.

पण त्या रागानंच मला जागं केलं. ती दोन गारा एका रेघेत आणून गप्प बसली आहे म्हणजे तिसरी कुठून येणार, हे मी शोधायला लागले. आधी मला फक्त माझा चिंचोका दिसायचा. मग तिची गार दिसायला लागली. मग जी गार अजून हललेली नाही तीसुद्धा. तिनं असं केलं तर मी तसं, आणि मी तसं केलं तर ती काय, एवढा लांबचा विचार मी तापाच्या आधीसुद्धा कधी केला नव्हता.

गाव बोलायला लागलं. वाटेनं जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "भरदुपारी दारात डाव मांडून बसली. अगुदरच पोरीचं डोकं ठिकाण्यावर न्हाई, त्यात हे नाद काहून लावून राहिली?"

आत्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "दारात न्हाई तर काय पारावर मांडू? तिथं बसू देता का आमाला?"

बाई पुढं गेली. बोलणं मात्र दादांच्या कानावर गेलं. ते दुपारीच घरी आले. आम्ही डावात होतो. दादांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला.

"आक्का, शिका म्हणून सांगितलंय आपल्याला. खेळा म्हणून न्हाई!"

"शिकूनच राहिली ती," आत्या म्हणाली.

"गारगोट्या?"

त्यांनी चिंचोके आणि गारा ओंजळीत गोळा केल्या आणि नेऊन कालव्याच्या पाण्यात फेकल्या. मायला जमीन सारवून घ्यायला सांगितलं. तीन चौकोन शेणाखाली गेले. दादा वाईट नव्हते. लेकीचं डोकं परत येतं की नाही, म्हणून ते घाबरेघुबरे झाले होते, आणि घाबरलेल्या माणसाला समोर दिसेल त्याला दोष द्यावासा वाटतो. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

आज माझी नात मोबाइलवर रंगीत ठोकळे रचत बसते आणि तिची आई तिच्यावर ओरडते, तेव्हा मी मध्ये पडते. सुनेला माझा राग येतो. येऊ दे. लेकरू दिवसभर त्यातच असेल, तर मीही मोबाइल काढून घेते. पण पुढचा ठोकळा पडायच्या आत ती त्याची जागा ठरवते ना, तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी पडते. ती आठी मला ओळखीची आहे. तिला कुणी रिकामा उद्योग म्हणायचं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

तर चौकोन पुसले गेले. कापूस फुटला होता. माय आणि आत्या वेचणीला जायच्या, शाळा सुटलेली म्हणून मीही. कमरेला ओटी बांधून मी आत्याच्या शेजारच्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, वेचत होते. अर्धं तास झालं असेल. आत्या बोंडं खुडता खुडता म्हणाली, "माझी पहिली गार बाहेरच्या घरात, धरणाच्या वाटेवर."

मी खाली बघितलं. जमिनीवर काहीच नव्हतं.

"बोल की. तुझी पाळी हाय."

बाहेरचं घर, मधलं घर, आतलं घर, असे तीन चौकोन. चार बाजूंना चार वाटा: धरणाची, बाजाराची, औंढ्याची, नदीची. चार कोपरे: चुलीचा, रांजणाचा, दाराचा, शेळीचा. हे सगळं तिनं त्या दुपारी तासाच्या टोकापर्यंत जाता जाता ठरवलं. म्हणजे आधीच ठरवून आली होती, तिचं तिलाच माहीत.

"माझा चिंचोका… मधल्या घरात. बाजाराच्या वाटेवर," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी चौथ्या खड्यानंतर सगळं धुकं झालं. डोकं इतकं दुखलं, की मी तासातच बसले. दुसऱ्या दिवशी सहा खडे. मग आठ. मध्येच ती मुद्दाम विचारायची, "आतल्या घरात शेळीच्या कोपऱ्यात कोण हाय?" मी डोळे मिटायची आणि मला ते घर दिसायचं, सारवलेलं, कोळशाच्या रेघांचं. दादांनी ज्या जागेवरून पुसलं होतं तिथून ते उठून माझ्या डोक्यात येऊन बसलं होतं. वेचणी संपत आली तोवर आम्ही अख्खा डाव तोंडानं खेळत होतो. शेजारच्या बायांना वाटायचं, आत्या-भाची कुणाच्या तरी घराच्या उखाळ्यापाखाळ्या काढताहेत.

कालव्याचा बांध त्या शेताच्या कडेनं जायचा. दादा फेरीवर असताना एकदा बांधावर थांबले. आम्हाला दिसले नाहीत. त्यांनी पुष्कळ वेळ ऐकलं असणार. कारण खाली उतरून आले ते थेट माझ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "आत्याच्या गारा आता कुठं कुठं हायेत, सांग."

मी घाबरले. मग सांगितल्या. पाच गारा, पाच जागा.

"अन् तुझे?"

तेही सांगितले.

दादांनी आत्याकडे बघितलं. ती कापूस वेचत राहिली. "बराबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"तू बांधावरून ऐकून राहिला होता ना? मंग तूच सांग."

दादांना सांगता आलं नाही. त्यांच्या लक्षात एकच गार राहिली होती. ते तिथंच ढेकळावर बसले आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसायला लागले.

दुसऱ्या सकाळी ते मला शाळेत घेऊन गेले. "नाव कापलं ते परत घाला," ते गुरुजींना म्हणाले.

"अहो, डोकं चालत नाही तिचं."

"चालतं. माझ्या कानानं ऐकलं मी."

गुरुजींनी मला सातचा पाढा विचारला. सात पंचे पस्तीसला मी अडकले. गुरुजींनी दादांकडे असं बघितलं, की सांगितलं नव्हतं का तुम्हाला. आणि तेव्हा मला राग आला, डाव उधळताना आला होता तसा. मी म्हणाले, "गुरुजी, वर्गात कोण कुठं बसलंय ते विचारा."

"म्हणजे?"

मी वर्गाकडे एकवार बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पहिल्या ओळीत खिडकीकडून कोण, त्याच्या शेजारी कोण, तिसऱ्या ओळीत कुणाच्या मागं जागा रिकामी, पाटी कुणाच्या मांडीवर, कोण उलटं बसलंय. पाचही ओळी सांगितल्या. ज्या पोराचं नाव आठवेना त्याच्या शर्टाचा रंग सांगितला. यावेळी कुणी हसलं नाही.

"हे कुठं शिकली?" गुरुजींनी विचारलं.

"खेळात."

"खेळून कुणी पास होत नसतं," गुरुजी म्हणाले. पण हजेरीपट ओढून त्यांनी माझं नाव सगळ्यात खाली लिहिलं.

मी चौथीत दोन वर्षं काढली, माझ्यापेक्षा लहान पोरांत बसून. पाढे पूर्ण परत आले नाहीत. सातचा आजही डळमळतो. पुढं भेटलेल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की लहान वयात मेंदू आपोआप सावरतो, तुम्ही खेळला नसता तरी सावरला असता. असेल. त्यांचं शिक्षण मोठं. पण मेंदू कुणी घासला ते मी डोळ्यांनी बघितलं आहे आणि त्या बाईचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

चौथी पास झाले तेव्हा प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी लाल शाईत शेरा मारला होता: "अभ्यासापेक्षा खेळात लक्ष जास्त." मला वाटलं, आता दादा रागावणार. दादांनी तो एकेक अक्षर लावत दोनदा वाचला. मग माझ्याकडून टाक मागून घेतला आणि पालकाच्या जागी आपलं नाव लिहिलं, जपून, मोठ्या अक्षरांत.

"बराबर लिहिलंय गुरुजीनं," ते म्हणाले, आणि पुस्तक वाचून दाखवायला आत्याकडे घेऊन गेले.