आपटे सरांचं ब्लॉकचं बटण

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर एक गेम रूम आहे. आमचा ताण कमी व्हावा म्हणून कंपनीने तिथे टीव्ही आणि मारामारीचा व्हिडिओ गेम ठेवला. ताणाचं माहीत नाही, पण किस्से इतके साठले की कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये तासभर अडकली तरी ते सांगायला मला वेळ कमी पडतो. त्यातले निम्मे आमचे मॅनेजर आपटे सर यांचे.

*

सर पहिल्यांदा खेळायला आले तेव्हा दिसेल ते बटण बडवत होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या सलीम तांबोळीला राहवलं नाही.

"सर, कंट्रोलरच्या वरच्या कडेला, उजवीकडे हे ब्लॉकचं बटण. दाबून धरलं की तुमचा गडी हात आडवे धरतो. मग फटका लागला तरी थोडाच."

"किती वेळ धरायचं?"

"समोरचा मारतोय तोवर. मग सोडायचं आणि आपण मारायचं. ते धरून मारता येत नाही."

सरांनी पुढचं ऐकलंच नाही. अख्खी मॅच बटण धरून बसले. अडवलेल्या फटक्यातही थोडा थोडा जीव जातो. तसा तो गेला आणि सर हरले.

"हरलो म्हणजे काय? माझी एक चूक दाखवा," सर म्हणाले.

"चूक व्हायला काहीतरी करावं लागतं, सर," सलीम म्हणाला.

*

ब्लॉकवर उतारा असतो. जवळ जाऊन पकडीचं बटण दाबलं की ब्लॉक चालत नाही, समोरच्याला उचलून आपटता येतं. हे आमच्या टीममधल्या वैशालीला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती चंद्रपूरची, बोलायला कमी. तिने आपटे सरांना एका मॅचमध्ये पाच वेळा आपटलं.

"हे नियमात बसतं का?" सरांनी विचारलं.

"बटणच दिलं आहे न जी त्यांनी," वैशाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला : 'खेळताना सहकाऱ्यास पकडून आपटू नये. हुकमावरून.'

संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'लाथांबाबत खुलासा व्हावा.'

*

वर्षभराने सरांच्या नेहमीच्या कंट्रोलरचं ब्लॉकचं बटण लागेना. सलीमच्या चाचांचं स्वारगेटजवळ रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. चाचांनी तो उघडून दाखवला. प्रत्येक बटणाखाली एक छोटं रबर असतं. बटण दाबलं की ते खालच्या पट्टीला टेकतं, तेव्हा गेमला कळतं. ब्लॉकचं रबर पार चपटं झालं होतं. बाकीची कोरी करकरीत.

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे साहेब ऑफिसात काय करतात?"

"मॅनेजर आहेत," मी म्हणालो.

"मग बरोबर आहे," म्हणून त्यांनी नवं रबर बसवलं.

*

यंदा मुख्य ऑफिसातून मोठे साहेब आले. त्यांना गेम रूम दाखवली, तर ते म्हणाले, "तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण खेळतं?" सगळ्यांनी वैशालीकडे पाहिलं. तिचं प्रमोशन दोन वर्षं लांबलं होतं आणि यंदाची यादी याच साहेबांच्या हातात होती.

आपटे सर तिच्या कानाशी वाकले. "जरा बेताने घ्या."

साहेबांनी ते ऐकलं. "अजिबात नाही. मन लावून खेळा."

वैशाली मन लावून खेळली. पहिला डाव तिने घेतला. दुसऱ्यात साहेबांचा जीव नखाएवढा उरला आणि टीव्ही एकदम काळा झाला. प्लगपाशी आपटे सर उभे होते.

"सॉरी, सॉरी. वायरला पाय लागला," सर म्हणाले.

साहेब हसले, घड्याळ पाहून निघाले. वैशालीने कंट्रोलर जागेवर ठेवला आणि मिटिंगला गेली.

महिन्याभराने यादी लागली. आमच्या टीममधून एकच नाव होतं, आपटे सरांचं. सर स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन प्रत्येकाच्या डेस्कपाशी आले.

वैशालीने पेढा घेतला. "अभिनंदन, सर," ती म्हणाली. "पाय कसा आहे आता?"