तिच्या पत्त्यावरची एकेचाळीस माणसं

लेकीला, मेलिसाला, टोरांटोच्या विमानात बसवायला गेलो तेव्हा तिची बॅग चार किलो जादा भरली. मी तिथेच एअरपोर्टच्या फरशीवर फतकल मारली, बॅग उघडली आणि मसाल्याच्या पिशव्या बाहेर काढायला लागलो. तिची आई तेव्हा होती. ती म्हणाली, "अहो, बूट काढा, मसाला कसला काढताय?" मेलिसा अठरा वर्षांची. दुबईच्या करामा भागात वाढलेली, जवळच्याच ऊद मेथाच्या शाळेत शिकलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्लिशमध्ये देणारी. म्हणाली, "पापा, जस्ट टेक एव्हरीथिंग आऊट. पीपल आर लुकिंग." मी मसाला काढला. लोक बघतायत, हे तिला लहानपणापासून फार लागायचं.

तुम्ही वसईत राहिलेले लोक मला विचारता, की मुलगी एवढी मोठी झाली, टीव्हीवर दिसते, मग तू अजून दुबईत हॉटेलात बँक्वेट कसला सांभाळतोस? आणि तुम्ही माझ्यासारखे बाहेर पडलेले काही विचारत नाही, नुसते गालात हसता. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो. हळहळायला येऊ नका. हळहळणाऱ्यांना मी ओळखून आहे, घरी जाऊन चवीने जेवतात.

इथे मुलीचा जन्म झाला तरी ती इथली नव्हती, आणि वसईला सुट्टीपुरती पाहुणी. कॅनडात गेली आणि पोरीला एकदम देश सापडला. तिकडचाच नवरा केला, नागरिक झाली, पक्षाचं काम करायला लागली. बायको गेली त्या वर्षी ती चार दिवसांसाठी आली होती, तेव्हाही फोनवर कुठल्या तरी वॉर्डाच्या याद्या चालू होत्या. मला राग नाही आला. खरं सांगतो, अभिमानच वाटला.

मग अमेरिकेने कॅनडाच्या मालावर टॅरिफ लावला, म्हणजे जबर आयातकर. मेलिसाच्या शेजारच्या गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात एक अख्खी शिफ्ट बंद झाली. दुकानांतून लोक अमेरिकन माल उचलून परत ठेवायला लागले. त्यातच सत्तेतल्या पक्षाचा नेता पायउतार झाला आणि नवा निवडायची घाई उडाली. तिथे पक्षाचे सभासदच मत देऊन नेता ठरवतात, आणि पक्ष सत्तेत असला की तोच पंतप्रधान. जो उठतो तो सांगतो, मी शेजाऱ्यापुढे वाकणार नाही. मेलिसा त्यातल्या एकाचं काम बघत होती. एरियातलं ऑफिस तिच्या घरातच, पत्रकावर तिच्या घराचा पत्ता. "इफ ही विन्स, पापा, आय गो टू ओटावा विथ हिम," म्हणाली. "अँड देन यू कम लिव्ह विथ अस." सभासद मात्र कमी पडत होते.

सभासद कमी? अरे, मी कुणाचा मुलगा? आमच्या वडिलांनी पतपेढीच्या निवडणुका जिंकून दिल्यात लोकांना. ते म्हणायचे, "माणूस आपला उभा राहिला, की अख्खी आळी त्याच्या मागे उभी करायची." घरोघरचे फॉर्म तेच भरायचे, लोक फक्त सही ठोकायचे. कुणाला त्यात काही वाईट वाटायचं नाही. उलट ज्याचा फॉर्म राहिला तो रुसायचा.

रविवारी चर्चमध्ये मास झाल्यावर मी आपल्या लोकांना सांगितलं, मेलिसाच्या पक्षाचे सभासद व्हा. इथे कुणाकडेही आयडीची कॉपी मागा, कशाला म्हणून न विचारता मोबाइलवर पाठवतो. काहींकडे कॅनडाचं पीआर होतं, म्हणजे कायम राहायचा परवाना, तिकडे जाऊन शिक्का मारून परत आलेले. बाकीच्यांकडे नुसती इच्छा होती. फॉर्म ऑनलाइन, फुकट. कॅनडात राहता का? हो, टिक. पत्ता? मेलिसाचा. एकेचाळीस फॉर्म मी माझ्या लॅपटॉपवर दोन तासांत भरले, शेवटचा माझा. करामात एका फ्लॅटमध्ये चौदा बॅचलर राहतात, पडदे लावून, पलंगावर पलंग. तीन बेडरूम आणि बेसमेंटच्या घरात एकेचाळीस माणसं लिहिताना माझा हात कशाला अडखळेल?

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "पापा, फॉर्टी-वन पीपल! इन माय हाऊस! ऑल फ्रॉम वन लॅपटॉप इन दुबई!"

"अगं, तुझ्यासाठीच ना," मी म्हणालो.

"डू यू नो व्हॉट दे आर कॉलिंग इट? फॉरेन इंटरफिअरन्स."

देशावर बाहेरून दाब येतोय म्हणून लोक पेटलेले, आणि त्यात हिच्या घरातून परकीय हात निघाला. विरुद्ध गटाला आयतं कोलीत मिळालं. पक्षाने चौकशी लावली. मेलिसा रडत होती, आणि मी गाढव, तिला म्हणतोय, मी बोलतो त्यांच्याशी, ओळख करून घेतो.

ती एकदम शांत झाली. म्हणाली, पक्षाची मेल येईल तुम्हाला. विचारतील, हिचे तुम्ही कोण. लग्नानंतर तिचं आडनाव वेगळं, आणि माझं आडनाव वसईत हजार घरांना आहे. पत्ता तर पत्रकावरच छापलेला, कुणीही उचलावा. "यू जस्ट से यू आर नोबडी."

मी लिहिलं. कच्चं लिहून आधी तिला दाखवलं. "आमच्या मेलिसाशी माझं कुठलंही नातं नाही," असं इंग्लिशमध्ये. तिने एकच दुरुस्ती केली. 'आमच्या' काढायला लावलं. मी काढलं, खाली सही केली, पासपोर्टची कॉपी जोडली आणि पाठवून दिलं. पक्षाने एकेचाळीस नावं बाद केली, मला पक्षात कायमची बंदी घातली, प्रकरण खलास. तिचा माणूस निवडून आला. त्याच्या भाषणात मागे उभी राहून ती टाळ्या वाजवत होती, दुबई मरीनाच्या हॉटेलात वेटर पोरांना मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. मग आठवलं, आणि म्हणालो, आमच्या गावाकडची आहे.

मी यंदा साठ पूर्ण केली. जूनअखेर नोकरी संपते, नोकरीबरोबर व्हिसा. मी मेलिसाला विचारलं, बोलावतेस ना? आईबापांना बोलवायचा तिथे वेगळा व्हिसा असतो. त्यात मुलीने स्वतःच्या जन्माचा दाखला लावायचा, बापाचं नाव दाखवायचं.

"पापा, आय कान्ट. देअर इज युवर लेटर." बाप म्हणून माझं नाव लावलं की ते पत्र खोटं ठरणार, आणि पत्राबरोबर तीही. मग म्हणाली, वसईत आता चांगले वृद्धाश्रम झालेत, तिने नेटवर बघून ठेवलेत.

वसईच्या घरातला हिस्सा मी तीन वर्षांपूर्वीच धाकट्या भावाच्या नावावर करून दिला होता. मला कुठे लागतोय, मी चाललो कॅनडाला, असं मिरवत सही केली होती. परवा त्याला फोन केला. तो म्हणाला, "ये की, दादा! किती दिवस राहशील?"

तर असं आहे. तिला दोष देऊ नका. लोक बघतायत म्हटल्यावर काय काढून टाकायचं, हे मीच तिला शिकवलं असणार. मला संताप येतो तो माझा. पोरीसाठी खोटं बोललो याचा नाही, इतकं बिनचूक बोललो याचा.

मग आता तुझं घर कुठे, म्हणून विचाराल ना? शुक्रवारी माझी ड्युटी सुटल्यावर तिचा बोटिम ॲपवर कॉल येतो. तिकडे सकाळ असते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती गाडीत बसते, काचा वर करते, बाजूला कुणी नाही ना बघते, आणि मग "पापा" म्हणते. दहा मिनिटं. तेवढ्यात राहून घेतो मी.