कोचीपर्यंतची सोबत

महाळुंग्याच्या कारखान्यातून नव्या मोटारी ट्रेलरवर कोचीला नेणारा माझा शेजारी झोप आली की हिरवी मिरची चावतो. या खेपेला मी सोबत गेलो. निघतानाच म्हणाला, "भावा, नुसता बोलत राहा. भांडलास तरी चालंल."

कर्नाटकातल्या सरळ रस्त्यावर भर दुपारी मी भांडलोच. एवढ्या लांब एकट्या ड्रायव्हरला पाठवणं गुन्हा आहे, तुम्ही सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून नकार द्यायला हवा.

"व्हय," तो म्हणत होता.

मी पाणी प्यायला बोलायचा थांबलो, तरी तो म्हणाला, "व्हय." थोड्या वेळानं पुन्हा, "व्हय." डोळे मात्र उघडे होते.

मी त्याचा दंड गदागदा हलवला. "गाडी बाजूला घ्या, भाऊ."

दचकून त्यानं स्टेअरिंग सावरलं. "उद्या सकाळी पोचायचंय. तू गप का झालास?"

मी पुन्हा बोलू लागलो. कोचीपर्यंत बोलणं थांबवायचं धाडस झालं नाही.