स्वस्तातली तारीख

किस्से साठवायला वेगळं काही करावं लागत नाही. एका जागी बसून राहायचं, बस! लोक येतात, आपापलं बोलतात आणि निघून जातात. ते जातात, किस्से आपल्याकडे राहतात. मी मालवणात सहा-सात वर्षं अशी एका जागी बसले होते.

बाजाराच्या उतारावर माझं इंटरनेटचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वीज असेल तर पंखा. स्वस्त विमानं नुकतीच सुरू झाली होती. लोकांकडे क्रेडिट कार्ड नसायचं, माझ्याकडे होतं. 'ज्योती तिकीट स्वस्तात काढून देता' असं गावभर झालं. माझं गुपित एवढंच की, कोणालाच नको असलेली तारीख शोधायची! गणपती नको, शिमगा नको, मे महिना नको. आडवार, आडवेळ. त्या दिवशी कोणी कोणाकडे जात नाही, म्हणून तिकीट स्वस्त.

*

कुंदामावशी मासे विकायची. तिचा मुलगा चेन्नईला नोकरीला. दोन वर्षं आला नव्हता. "मीच तिकीट काढून धाडतंय, मगे कसो येणा नाय तो बघूया," म्हणत ती थेट बाजारातून आली.

मी भाव दाखवला. ती म्हणाली, "जास्त आसा. कमी करूक सांग तेका."

"मावशी, हा कॉम्प्युटर आहे."

"मगे काय झाला? गिऱ्हाईक उठान जाताना दिसला की सगळे उतरतत. चल, उठ!"

तिने मला हाताला धरून बाहेर आणलं. आम्ही दोघी कॉम्प्युटरकडे पाठ करून पायरीवर उभ्या राहिलो. थोड्या वेळाने आत जाऊन बघते तर काय, भाव खरंच उतरला होता! आता बोला!

तिकीट काढलं. मुलाला रजा मिळाली नाही. स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे सांगितल्यावर ती भडकली. "माझी सुरमय वाईट निघाली तर मी परत घेतंय. ह्यो कसलो धंदो?"

मग माशांची पाटी उचलून पायरीपर्यंत गेली आणि तिथूनच वळून हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेक भाव करूया नको हां गो."

*

देवगडचे आबा, आंब्याची मोठी बाग. मुलगा दिल्लीला, नातवाला कधी पाहिलेलं नाही. मे महिन्यात स्वस्त तिकीट मिळणं म्हणजे लॉटरी, पण आबांना मिळालं. ते नातवासाठी हापूसच्या चार पेट्या घेऊन गोव्याच्या विमानतळावर पोहोचले.

काउंटरवरच्या मुलीने वजन केलं आणि जादा वजनाची रक्कम सांगितली. तिकिटाच्या दुप्पट! आबा म्हणाले, "म्हणजे माका जागा आसा, आंब्याक नाय?"

हुज्जत घालून उपयोग झाला नाही. तेव्हा आबांनी तिथेच बाजूला बसून पेट्या उघडल्या आणि येईल त्याच्या हातावर आंबे ठेवले. हमालांना, पोलिसांना, रांगेतल्या गोऱ्या पाहुण्यांना. वजन सांगणाऱ्या त्या मुलीलासुद्धा! शेवटचा एक आंबा मात्र त्यांनी सदऱ्याच्या खिशात घालून दिल्लीला नेला.

परत आल्यावर मी विचारलं, "नातू काय म्हणाला?"

"येदी बाग माझी," आबा म्हणाले, "आणि पोरगो इचारता, आजोबा, एकच?"

*

प्रभूगुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. मुलगी बंगळूरला. रोज संध्याकाळी, भाजी घेऊन झाली की, दाराशी यायचे. "आजचा भाव?"

मी सांगायची. ते मान हलवायचे. "उतरेल अजून. घाई करण्यात अर्थ नाही."

असं दीड वर्ष चाललं होतं! मग एका सकाळी ऑफर आली. भाडं शून्य, फक्त कर भरायचा. मी त्यांना निरोप पाठवला. गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांचं नाव टाइप केलं आणि विचारलं, "तारीख कुठली घालू?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. "तारीख तिला विचारावी लागेल. तिच्या सोयीने."

"मग विचारा ना. हा फोन घ्या."

त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, भिंतीकडे बघत राहिले आणि ठेवून दिला. "एंगेज लागतोय."

नंबर त्यांनी फिरवलाच नव्हता. मी समोरच बसले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दाराशी. "आजचा भाव?"

"महागलं गुरुजी. ऑफर संपली."

गुरुजींचा चेहरा खुलला. "बघ! म्हटलं होतं ना मी, या ऑफरींचं काही खरं नसतं!"

*

आता माझाच एक. माझा नवरा सुहास मस्कतला. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, "सगळ्यात स्वस्त तारीख कुठली?" आणि ती शोधण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही! त्यामुळे सुहास गणपतीला नसायचा, दिवाळीला नसायचा. तो यायचा भर आषाढात. होड्या वर ओढलेल्या, खायला सुकी मासळी, आणि अंगणात कपडे वाळत नाहीत. घर बांधायला काढलं होतं, म्हणून दोघांचंही एकच म्हणणं, गणपतीचं पुढच्या वर्षी बघू.

एका वर्षी तो आला तेव्हा माझं दुकान बंद ठेवता येईना. दहावीनंतरचे प्रवेश चालू होते, फॉर्म भरायला रांग. मग तोच सकाळी माझ्याबरोबर दुकानात यायचा. स्टूल घेऊन बाजूला बसायचा, प्रिंटरमध्ये कागद घालायचा, चहा सांगून यायचा. बोलायला दोघांनाही फुरसत नाही, पण खांद्याला खांदा लागायचा. तेवढंही मला पुष्कळ वाटत होतं.

कुंदामावशी आली. सुहासला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कामाक बरो गावलो हां तुका. टिकात काय पण?"

सुहासने ऐकलं. तो हसला. मीही हसले. मग तो प्रिंटरमध्ये कागद घालायला वळला.

*

जयरामकाका आणि विष्णूकाका. दोघांची मिळून एक होडी होती, ती विकण्यावरून भांडण झालं आणि बोलणं तुटलं. घरं शेजारी, विहीर एक, पण वर्षानुवर्षं शब्द नाही. जयरामकाकांची बायको वारली तेव्हा विष्णूकाका खांदा द्यायला आले, खांदा दिला आणि न बोलता परत गेले.

जयरामकाकांना दिसेनासं झालं. मुंबईला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, सोबत कोणीतरी हवं. मूलबाळ नाही. सोबतीला न्यायचं कोणाला? रेल्वे भरलेली. विमानाची एक ऑफर होती, एका तिकिटावर दुसरं फुकट.

"दुसरं नाव कोणाचं घालू, काका?"

काका टेबलाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "विष्णूचा घाल."

"ते येतील?"

"ता माका खंय म्हायत? फुकट आसा मा? घाल!"

प्रिंट काढून दिली. ती त्यांनी चाचपडत जाऊन विष्णूकाकांच्या दाराच्या फटीतून आत सरकवली.

दोन दिवसांनी विष्णूकाका कागद हातात घेऊन दुकानात. मला वाटलं, आता तमाशा! ते म्हणाले, "ह्यात खिडकी कोणाक?"

"ते विमानतळावर ठरतं, काका."

"मगे तिथल्या माणसाक कळय. तेका दिसणा नाय. खिडकी माका होई."

आणि गेले की दोघं! ऑपरेशन चांगलं झालं. परत आल्यावर जयरामकाका काळा चष्मा लावून दुकानात आले.

मी विचारलं, "बोलले का विष्णूकाका?"

"नाय."

"एक शब्दही नाही?"

"माझ्याशी नाय." काका स्टुलावर बसले. "जाताना खिडकीक तोंड लावन एकटोच बडबडत होतो. 'हो दर्यो. ही खाडी. थंय होडये दिसतत. आता ढग इले. आता काय दिसणा नाय. आता परत दर्यो दिसता.' मुंबय येयसर गप म्हणान रवलो नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कित्याक बोलतंय? मी आयकत होतंय."

मग खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. "पुढच्या म्हयन्यात तपासणी आसा. तिकिटां काढ. दोन."

मी कॉम्प्युटरवर बघितलं. "काका, ती एकावर एकची ऑफर संपली. आता दोघांचे पूर्ण पैसे पडतील. आणि आता तर तुम्हाला दिसतंय, एकटे जाऊ शकाल."

जयरामकाकांनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"तुका ऑफर कोणी इचारल्यान गो?"