रुबार्बचं माहेर

अमेरिकेला जाऊन आलेल्या बायकांचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. मागे धबधबा, पुढे बाई, अंगात जावयाचा स्वेटर. माझ्याकडे जो फोटो आहे त्यात मागे शेणाचा ढीग आहे, त्यातून वाफ निघतेय, आणि पुढे मी, पातळ वर खोचलेलं, पायात भाचीचे रबरी बूट. आमच्या कराडच्या शेजारणी विचारतात, इतक्या लांब जाऊन हेच पाहिलंत का? हो, हेच पाहिलं, आणि त्या ढिगाकडे दोनदा गेले. कशाला, ते सांगते.

माझा धाकटा भाऊ दत्ता मिनेसोटात ईडन प्रेरी नावाच्या गावात राहतो. गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर मी त्याच्याकडे होते. त्याची मुलगी मीना तिथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत माती शिकते. माती शिकायची असते हे मला तिच्यामुळे कळलं. एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, "आत्या, माझ्या साइटवर येतेस? वन अवर ड्राइव्ह आहे."

दत्ता चहा पीत होता. म्हणाला, "अक्का, मी शेणात हात घालायला नको म्हणून इंजिनियर झालो. सातासमुद्रापार आलो. आणि ही बघ, शेण शोधत फिरते."

"डॅड, दॅट्स नॉट फनी एनीमोअर," मीना म्हणाली आणि किल्ल्या घेऊन निघालीसुद्धा.

गाव मागे पडलं तसा रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, बोटभर उगवलेली, आणि आभाळ एवढं मोठं की मला सारखं काचेतून वर बघावंसं वाटत होतं. मग एकदम तारेचं कुंपण आलं. आत गवत, मोडकी धुराडी, सिमेंटचे ठोकळे. मीनाने फाटक उघडून घेतलं आणि मला बूट दिले. हात लावायचा नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, अशी तंबीही दिली.

गवतातून चालत गेलो तर मधेच गवत संपलं. पुढे भलामोठा तांबूस पट्टा. आमच्याकडे तांबडी माती असते तशी नाही. जुन्या रक्ताचा डाग धुवून राहिलेला असतो, तसा रंग. एक काडी उगवलेली नव्हती. मुंगी दिसेल म्हणून मी वाकून पाहिलं, तीही नाही.

ही जमीन एकेकाळी चांगली कसलेली शेती होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारला दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी जागा हवी होती, म्हणून इथल्या कुटुंबांना उठवलं. कारखान्यात जे धुतलं जायचं त्याचं पाणी खड्ड्यांत सोडलं, आणि स्फोटकांचं विष मातीत बसलं. बॉम्ब पडले ते समुद्रापलीकडे, पण बनले इथे, आणि त्यांचा मार या जमिनीलाही लागला. युद्ध संपून चाळीस वर्षं होऊन गेली तरी ती तशीच पडलेली.

"आता बघ," म्हणून मीनाने मला एका पत्र्याच्या छपराखाली नेलं. तिथे तो फोटोतला ढीग.

मला हसूच आलं. "अगं, हा तर उकिरडा."

"येस आत्या, उकिरडा. पण व्हेरी स्ट्रिक्ट उकिरडा."

तिने समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आधी बेत असा होता की सगळी विषारी माती उकरून भट्टीत भाजायची. विष जळतं, पण माती विटेच्या भुकटीसारखी होते, तिच्यात पुन्हा काही जगत नाही. मीनाच्या प्रोफेसरांना वाटलं, शेणखतातले किडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, विष खाऊन पचवतात का बघू. म्हणून थोडी विषारी माती आणि बाकी शेण, पेंढा, भुसा असं मिसळून ढीग लावायचा. तो आतून तापला पाहिजे. भाल्यासारखा लांब थर्मामीटर खुपसून मीना रोज ताप बघते, आजारी मुलाचा बघावा तसा.

शेण घेऊन तेवढ्यात कार्ल आला. शेजारचा गवळी, ताडमाड उंच, टोपी कधी न काढणारा. मीनाने ओळख करून दिली तसा म्हणाला, "युनिव्हर्सिटीची माणसं दारात आली तेव्हा मला वाटलं, गाईंची तक्रार आली. तर ती शेण मागायला आलेली. आमच्या तीन पिढ्यांत ते कुणी मागितलं नव्हतं."

पहिला ढीग थंडच पडला होता म्हणे. मग प्रोफेसर, कार्ल, मीना सगळे एका टेबलाभोवती बसून भांडले. माती कमी घाला, असं कार्ल म्हणाला. कमी घातली तर जन्मभर ढीगच लावत बसू, असं प्रोफेसर म्हणाले. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात हे भांडण चाललं होतं ती म्हणाली, माझ्या परसातला ढीग बटाट्याच्या सालींनी तापतो, वेफर्सच्या कारखान्यात विचारा. विचारलं. ते साली फुकट द्यायला तयार झाले. मीनाने निरनिराळ्या मापांचे छोटे ढीग लावून पाहिले, आणि त्यातला एक असा तापला की आत हात धरवेना. मला या माणसांचं कौतुक वाटलं ते इथे. हा तोडगा अमक्याचा, असं कुणीच म्हणत नव्हतं. विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

बटाट्याच्या सालीवाली बाई म्हणजे एडना. पंचाहत्तरीची, बारीक, ताठ. त्याच जमिनीवर तिचं माहेर होतं. दुपारी तिच्या घरी जेवायला गेलो. घर गावात, मागे एवढंसं परस, आणि कुंपणाशी हातभर पानांचं एक झुडूप. देठ लालभडक.

"आईचं रुबार्ब," एडना मीनाला म्हणाली, मीनाने मला सांगितलं. रुबार्ब म्हणजे तिकडची एक भाजी. "घर सोडायचं ठरलं तेव्हा आईने भांडीकुंडी बांधली आणि मला म्हणाली, तू रुबार्बचा गड्डा खण. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होतं. तेव्हापासून मी तीन घरं बदलली, दर वेळी ते उचलून नेलं. आता एकदाच हलवायचंय. परत तिथे."

मग तिने मीनाकडे पाहिलं. "कधी, ते ही सांगत नाही."

मीना म्हणाली, "मला माहीत झालं की सांगेन, एडना."

"मला वाट बघता येते. पण माझी वाट बघणारंही कुणीतरी वर आहे," एडना म्हणाली आणि ओव्हन बघायला आत गेली.

जाताना मला सुरी देऊन गेली, रुबार्ब काप म्हणून. आता बघा, मला काय माहीत. एवढी मोठी, कोवळी पानं. मला अळूच आठवलं. म्हटलं, या बिचारीला अळूवडी कुठली मिळायला, आपण करून घालू. मी पानं देठापासून नीट कापली, शिरा काढल्या, एकावर एक रचली. आणि ते लाल देठ टाकले मीनाच्या ढिगासाठी साली साठवायच्या बादलीत.

एडना बाहेर आली आणि माझ्या हातातली चळत बघून जी धावली, की मला वाटलं मागे साप आहे. पानं हिसकावून घेतली. मीनाही ओरडली, "आत्या, नो! पानं पॉयझन असतात. देठ खातात."

मग एडनाने बादलीत पाहिलं, सालींत पडलेले आपल्या आईच्या रुबार्बचे देठ पाहिले आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "कार्लला सांगू नका. तो मरेपर्यंत बोलेल." कार्लला संध्याकाळच्या आत कळलं.

मीनाने विषारी पानं उचलून बादलीत टाकली. मी म्हटलं, "अगं, तुझ्या ढिगाला बाधतील."

"ढीग तेही खातो, आत्या. त्याला सवय आहे."

एडनाने नवे देठ कापून दिले. चाखून बघते तर अगदी आंबटचुका. मग मला राहवेना. माझ्या पिशवीत गूळ, हिंग, तिखट आणि मेथ्या होत्याच, बाहेर जेवायचं म्हणून दत्ताच्या घरून निघताना घेतलेल्या. तेलात मेथ्या तळल्या, हिंग, तिखट, देठांचे तुकडे, वरून गूळ, आणि कैरीचा करतो तसा रुबार्बचा मेथांबा केला. एडनाने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला. मग वाटीच पुढे ओढली. मागून जेवायला आलेला कार्ल म्हणाला, जीभ जळते, आणि आणखी मागितला.

उन्हाळाभर मीना रोज घरी आली की दत्ता नाक धरायचा. पण ऑगस्टपासून जेवताना तोच विचारायला लागला, "काय गं, ताप किती आज?"

ऑक्टोबरात माझं परतीचं तिकीट होतं. निघण्याआधीच्या रविवारी मीना म्हणाली, चल. या वेळी दत्ताही आला, नवे बूट घालून. मका कापून झाला होता, झाडं पिवळी, वारा कानात शिरणारा. छपराखालचा ढीग आता ढीग राहिला नव्हता. काळी, भुसभुशीत माती झाली होती, वास पहिल्या नांगरटीसारखा. तिच्यात मीनाने ट्रेमध्ये ओट पेरले होते, ते हिरवेगार वर आले होते. बरणीत गांडुळं सोडलेली, ती काचेला चिकटून हलत होती. दत्ताने बरणी उचलून बराच वेळ बघितली आणि जपून खाली ठेवली.

त्या मातीतली काही तांबड्या पट्ट्याच्या कडेला, एडनाच्या माहेरच्या जुन्या विहिरीच्या दगडाशी, एका वाफ्यात भरली होती. प्रोफेसरांनी परवानगीची कागदपत्रं करून घेतली होती. एडना आधीच तिथे उभी होती. पायाशी गोणपाटात गुंडाळलेला गड्डा. अर्धा परसात ठेवून अर्धा आणला होता.

"तर?" तिने मीनाला विचारलं.

मीनाला हो म्हणायचं होतं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिने हो म्हटलं असतं तर तिथे कुणीच तिला अडवलं नसतं. पण ती म्हणाली, "विष खूप कमी झालंय. पण पूर्ण गेलं असं मी म्हणू शकत नाही. लावू शकतोस... लावू शकतेस. खायचं नाही. मी दोन वर्षं देठ, पानं, मुळं सगळं टेस्ट करणार. त्यानंतरही, स्वच्छ आलं तरच." हे ती एडनाशी इंग्रजीत बोलली आणि मला कळावं म्हणून पुन्हा मराठीत.

एडनाने वाकून गोणपाटावर हात ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षं?"

"दोन तरी."

"रुबार्ब हलवलं की तसंही दोन वर्षं कापायचं नसतं. मुळाला जोर धरू द्यायचा असतो. आई मला आधी तेच सांगायची." ती कार्लकडे वळली. "कुदळ दे. आणि मला सत्त्याहत्तरची मोजू नकोस, तोंडावर दिसतंय तुझ्या."

"मी काही मोजत नव्हतो," कार्ल म्हणाला.

"मी असले तर खाईन. नसले तर ही खाईल," तिने मीनाकडे हनुवटी केली, "पण टेस्ट केल्यावर."

खड्डा कार्लने खणला. कोंब वर ठेवून गड्डा बसवला तो एडनाने. विहिरीच्या दगडाकडे पाठ करून उभी राहिली, चार पावलं चालली, थांबली आणि म्हणाली, "खिडकी इथे. आई भांडी घासताना बघायची." मग सरकून पुन्हा वाकली आणि गड्डा टीचभर डावीकडे घेतला. माती मी ओढली. हातमोजे घालून, मीनाच्या तंबीप्रमाणे. गड्ड्याभोवतीची माती दाबताना ती हाताखाली दबून परत वर आली, जिवंत माती येते तशी. पाणी दत्ताने घातलं. त्याच्या नव्या बुटांवर चिखल उडाला, तर पुसलाही नाही.

निघताना एडनाने माझे दोन्ही हात धरले. मला तिचं इंग्रजी सगळं कळत नाही, पण हे कळलं. दोन वर्षांनी ये, म्हणाली, आणि तो तपकिरी गोड दगड घेऊन ये.

कराडला परत आले त्याला आता सहा महिने झाले. इथे सगळ्यांना आधी काचेच्या इमारतींबद्दल ऐकायचं असतं. मी सांगते, होत्या. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. युद्धात बिघडलेली एवढी जमीन, आणि तिच्यासाठी एकाने शेण आणलं, एकाने साली, एकाने विद्या आणली, आणि एका म्हातारीने दोन वर्षं द्यायचं कबूल केलं. मातीला काय लागतं हे त्यांच्यातल्या एकालाही एकट्याने ठाऊक नव्हतं. आणि मीनाने खोटं हो म्हटलं नाही. दत्ताला मी विमानतळावर सांगितलं, तुझ्या मुलीने शेणात हात घातला त्याची तक्रार मला पुन्हा ऐकू यायला नको. तो म्हणाला, कोण करतंय तक्रार?

मागच्या आठवड्यात शेजारच्या कुलकर्ण्यांकडे फोन आला. मीना होती. आवाज मधूनमधून तुटत होता.

"आत्या, आलं. लाल लाल कोंब. बाजूला अजून बर्फ आहे."

"एडना कशी आहे?"

"खुर्ची टाकून बसते तिथे. कार्लला जवळ येऊ देत नाही. म्हणते तुझा पाय पडेल."

यंदा रुबार्ब कापायचं नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मीनाची टेस्ट काय म्हणेल ते बघायचं. दत्ताला पत्रातून कळवलंय, तेव्हा मी येते आहे, पिशवीत गुळाची अख्खी ढेप असेल. त्याचं उत्तर आलं, अक्का, सामान जड होईल. होऊ दे.