शेठच्या गाडीचा विमा

सुरतेला पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये हेमराज पाटील फोल्डिंग खात्याचे मास्तर होते. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोरांवर दिवसभर ओरडायचे आणि संध्याकाळी मोपेडवरून घरी यायचे, असा त्यांचा क्रम. मिलमध्ये त्यांना कोणी शेठ म्हणत नसे. शेठ ते फक्त गावी, शिंदखेड्याकडे, आणि तिथेही त्यांच्यामुळे नव्हे, त्यांच्या पांढऱ्या गाडीमुळे.

ही गाडी सुरतेत चालत नसे. सोसायटीच्या भिंतीला लागून ती करड्या कव्हराखाली उभी असे, आणि रविवारी हेमराज कव्हर काढून तिला पुसत व पुन्हा झाकून ठेवत. गुडघे दुखतात म्हणून बायकोने, मालतीबाईंनी, एकदा दवाखान्यात गाडीने न्यायला सांगितले, तर म्हणाले, "एवढ्याशासाठी गाडी काढायची? रिक्षा आहेत की." गाडी निघे ती लग्नसराईत. भाऊबंदांत कोणाचेही लग्न निघाले की नवरदेवाची गाडी सुरतेहून येणार, हे न विचारता ठरलेले असे. सजवणारी पोरे टपावर आणि दारांवर फुलांच्या माळा सेलोटेपने चिकटवीत. वरात निघाली की दोघे-तिघे बॉनेटवर बसत, डीजेच्या तालावर बुटांच्या टाचा आपटत. हेमराज पुढे उभे राहून हसत. "बसू द्या, बसू द्या, पोरं आहेत. गाडीपेक्षा माणसं मोठी."

या औदार्याचे मालतीबाईंना फार हसू येई. कारण सुरतेला परतल्यावर पहिला फोन जाई तो गोपाळरावांना. गोपाळराव मालतीबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, सुरतेतच कतारगामला राहणारे विम्याचे एजंट. टेपबरोबर रंग निघाला, क्लेम. बॉनेट दबले, क्लेम. फटाक्याने बंपर वितळला, क्लेम. वर्षासाठी भरलेले पैसे कंपनीकडून वसूल झाले नाहीत तर आपण फसलो, असे हेमराजांचे गणित होते. रेशन दुकानात कोट्याची साखर उचलावी तसे ते दरवर्षी क्लेम उचलत. ज्या वर्षी कोणाचे लग्न नव्हते, त्या वर्षी त्यांना चुटपुट लागून राहिली होती.

यंदा मे महिन्यात गोपाळराव आले ते दोन कागद घेऊन. गाडीचा विमा आणि घराचा विमा एकाच आठवड्यात संपत होता, आणि दोन्ही महागले होते. गाडीचा तर असा वाढला होता की हेमराजांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा पुन्हा वाचला.

"साडूभाऊ, हे छापताना चुकलं का?"

"चुकलं नाही. पार्ट महाग झाले, गॅरेजची मजुरी महाग झाली," गोपाळराव पोह्यांतले शेंगदाणे वेचत म्हणाले. "आणि तुमचे क्लेम. क्लेम न घेणाऱ्याला कंपनी सूट देते, तुमची ती केव्हाच गेली. आता वरून चढवून लावतात."

"मग क्लेम घ्या, घ्या असं तुम्हीच म्हणायचात," मालतीबाई म्हणाल्या.

"ताई, गिऱ्हाईक खूश राहिलं पाहिजे ना."

"आणि घराचा का वाढला? खाडी यंदा आमच्याकडे सरकून आली का?"

"खाडीकाठच्या सगळ्यांचाच वाढलाय. मागे पाणी आलं तेव्हा कंपनीला फार द्यावं लागलं."

ते पाणी मालतीबाई विसरल्या नव्हत्या. तीन पावसाळ्यांपूर्वी खाडी तुंबली आणि घरात मांडीपर्यंत काळे, मिलच्या रंगांचा वास मारणारे पाणी शिरले. त्यांची साड्यांना लेस लावायची मशीन, फ्रीज, दिवाण, सारे त्यात भिजले. पुन्हा उभे राहता आले ते त्या विम्याच्या पैशावर. घराचे कर्ज घेताना बँकेने गळ्यात बांधलेला विमा. कर्ज फिटल्यावरही मालतीबाईंनी तो सोडू दिला नव्हता. पावसाळ्याच्या आत तो भरला गेला पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते.

हेमराजांनी गाडीचा कागद मांडीवर ठेवला आणि घराचा बाजूला सारला. "यंदा दोन्ही जमायचं नाही. घराचं राहू दे. त्या पाण्यानंतर तीन वर्षं भरतोय, पुन्हा आलं का? सगळे वाया."

"पाणी आलं नाही म्हणून वाया? मग मुद्दाम नळ सोडून ठेवू का घरात?"

"तुला कळत नाही. जूनमध्ये सागरचं लग्न आहे." सागर म्हणजे थोरल्या रामदासदादांचा मुलगा. "नवरदेवाची गाडी आपली. विम्याशिवाय गाडी न्यायची? नवापूरच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर?"

"पोलिसांना दाखवायला थर्ड पार्टी पुरते," गोपाळरावांनी दोघांकडेही न बघता सांगितले. "स्वस्तात होते. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरते. आपल्या गाडीचं झालं तर आपण."

"झालं तर," मालतीबाई म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणता गाडीपेक्षा माणसं मोठी. मग एखाद्या ओरखड्याचं काय एवढं?"

साडूसमोर, पोह्यांच्या बशीवरून, हेमराजांनी मोठ्या मनाने मान डोलावली. गाडीला थर्ड पार्टी झाली. घराचा विमा मालतीबाईंनी लेसच्या मजुरीतून भरला.

लग्नाला निघेपर्यंत हेमराज तसे बरे होते. घाट उतरताना त्यांनी पहिल्यांदा म्हटले, "यंदा पोरांना जरा सांगावं लागेल." दोंडाईच्याला चहाला थांबले तर गाडीपासून हातभर लांब उभे राहायला तयार नव्हते, एक बकरी गाडीच्या सावलीत येऊन बसली तर तिला त्यांनी चप्पल फेकून मारली. गाव येईपर्यंत माणसाचा चेहरा एवढासा झाला. मालतीबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. गेल्या इतक्या वर्षांत बॉनेटवर नाचणाऱ्या पोरांना टाळ्या देणारा तो शेठ कोणाच्या खिशातून मोठा झाला होता, हे त्यांना आजच दिसत होते असे नाही. पण आज ते हेमराजांच्या तोंडावरच लिहिलेले होते.

वरातीच्या दिवशी सकाळी फुलांचे टोपले आणि सेलोटेप घेऊन पोरे आली. "काका, चावी द्या."

"टेप नको," हेमराज म्हणाले. "दोऱ्याने बांधा."

"दोरा टपाला कुठं बांधू?"

"मग टपाला फुलं नकोत. आणि बॉनेटवर कोणी बसायचं नाही. चालवणार मी. नवरदेवाने बूट काढून बसायचं, सीट नवीन आहे."

पोरांना आधी ही थट्टा वाटली. एकाने सवयीने बॉनेटवर बूड टेकले, तर हेमराजांनी त्याचा दंड धरून त्याला खाली ओढले. अंगणात बायका गहू निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. सागरची आई शांताबाई पदर खोचून पुढे आली.

"काय हो भाऊजी, माझ्या पोराने अनवाणी जायचं? लग्नाला चाललाय का देवळात?"

"तसं नाही वहिनी, गाडीचा विमा..."

"विमा काय ते आम्हाला नका सांगू. मागच्या साली भाऊबंदांतल्या आबांच्या पोराच्या वरातीत टपावर नाच झाला, तेव्हा तुम्ही शिट्ट्या मारत होता. माझ्याच पोराच्या वेळी काय झालं?"

ओसरीवर दाढी करत बसलेले रामदासदादा तेवढ्यात उठले. गालावर साबण तसाच. आवाज न चढवता ते अहिराणीत म्हणाले, "हेमराज, राहू दे भो. तुनी गाडी तू झाकी ठेव. कांदाना पिकअप शे आपला."

हेमराजांना वाटले, आता कोणीतरी म्हणेल, असे कसे, शेठची गाडी पाहिजेच. कोणी म्हणाले नाही. पोरे टोपले उचलून पिकअपकडे गेली, आणि थोड्याच वेळात त्याच्या फळ्यांना टेपच काय, खिळे ठोकूनही फुले लागली. पोरांचा घोळका नको म्हणून हेमराज गाडी घाईने मागे घ्यायला गेले आणि मांडवाच्या लोखंडी खांबाला जाऊन भिडले. मागच्या दारापासून चाकापर्यंत लांब ओरखडा उठला. मांडव हलला, पण खांब होता तिथेच राहिला. दुसऱ्याचे नुकसान काहीच नव्हते, तेव्हा कंपनीने भरायलाही काही नव्हते.

वरातीत सागर कांद्याच्या पिकअपवर खुर्ची टाकून बसला होता, आणि चांगला उंचावर दिसत होता. हेमराज चालत होते. त्या दिवशी त्यांना हाक मारणाऱ्यांनी "हेमराज" म्हटले, काहींनी "सुरतवाले" म्हटले. शेठ कोणी म्हटले नाही.

परतीच्या वाटेवर नवापूर ओलांडल्यावर हेमराज म्हणाले, "गोपाळला सांगून घराचा विमा रद्द करू. जे परत मिळेल त्यात थोडे घालून गाडीचा पहिल्यासारखा फुल विमा घेऊ. दिवाळीनंतर आबांच्या मुलीचं लग्न आहे. तेव्हा भरून काढतो."

"काय भरून काढता?"

"गेलेला मान."

"तो तुमचा होता कुठं? कंपनीचा होता. कंपनीने भाव वाढवला, तुम्हाला परवडेना झाला."

सुरतेला पोचल्यावर हेमराजांनी खरेच गोपाळरावांना बोलावले. गोपाळराव आले, पोहे खाल्ले, होय म्हणाले. फक्त अर्जावर ताईंची सही हवी. घर मालतीबाईंच्या नावावर होते. बाईच्या नावाने दस्त केला की नोंदणीची फी वाचते, म्हणून हेमराजांनीच हौसेने ते तसे घेतले होते, आणि मग विसरून गेले होते.

"सही कर," हेमराज म्हणाले.

मालतीबाई मशीनवर होत्या. समोर मोरपंखी साड्यांचा ढीग होता आणि संध्याकाळपर्यंत तो द्यायचा होता. त्यांनी साडीचे टोक सुईखाली सरकवले. "माझं घर आहे. बुडालं तर मला पैसे लागतील. तुमचा मान बुडाला तर तुम्ही पायी चाललात, काही बिघडलं नाही."

"ताईंचं ऐका," गोपाळराव म्हणाले. आत आल्यापासून आपण नेमके उलट बोलत होतो, याचे त्यांना काही वाटलेले दिसले नाही. अर्ज घडी करून त्यांनी बॅगेत टाकला. "आणि भाऊ, फुल विमा आता घ्यायचा म्हटलं तर कंपनीचा माणूस गाडी बघायला येईल. तो ओरखडा आधीचा म्हणून लिहून घेईल. त्याचे पैसे काही मिळायचे नाहीत."

रविवारी हेमराजांनी कव्हर काढले. कोणीतरी सांगितले होते म्हणून ते ओरखड्यावर टूथपेस्ट घासत बसले. घासून ती जागा आजूबाजूपेक्षा जास्त चकचकीत झाली आणि ओरखडा सोसायटीच्या फाटकापासून दिसू लागला.